जन्मजात तीळ टप्प्याटप्प्याने का काढतात?

तुमच्या अंगावर एकूण तीळ किती आहेत, हे तुम्ही कधी मोजून पाहिले आहे काय? हात, मान, चेहरा, पाठ असे नीट शोधले तर बहुतेकांच्या अंगावर दहा-वीस तरी सापडतील. कित्येक सरकारी अर्जांत ‘शरीरावरील ओळखीची खूण’ असा एक रकाना असतो आणि त्यात आपण हनुवटीवरचा किंवा मनगटावरचा एखादा तीळ मोठ्या हौसेने लिहितो. तिळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका म्हणून त्याचे नाव तीळ.

हे बहुतेक तीळ जन्माच्या वेळी नसतात. ते बालपणात आणि तरुणपणात एकेक करून उमटतात. परंतु काही बाळे तीळ घेऊनच जन्माला येतात. शंभर नवजात बालकांत साधारण एकाच्या अंगावर असा जन्मजात तीळ असतो. तो बहुधा लहान असतो. क्वचित मात्र तो दाण्याएवढा नसून रुपयाएवढा, तळहाताएवढा, आणि फारच क्वचित सगळी पाठ व्यापणारा असतो. मोठेपणी ज्यांची रुंदी २० सेंटीमीटरहून अधिक होईल अशा तिळांना ‘महातीळ’ म्हणता येईल. ते सुमारे वीस हजार जन्मांत एखाद्याच बाळाला असतात. त्यांचा रंग तपकिरी ते गडद काळा असतो, पृष्ठभाग पुष्कळदा खडबडीत असतो आणि त्यावर दाट केसही उगवतात.

असे बाळ घेऊन आईवडील शल्यविशारदांकडे जातात, तेव्हा कधी कधी त्यांना एक चमत्कारिक वाटणारे उत्तर मिळते. “हा तीळ काढता येईल, पण एकदम नाही. तीन वेळा शस्त्रक्रिया करावी लागेल आणि दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये काही महिने थांबावे लागेल.” आईवडील गोंधळतात. एकदाच कापून मोकळे का करत नाहीत? एवढ्याशा जिवाला तीन तीन वेळा भूल कशासाठी? डॉक्टरांना पहिल्या वेळी जमणार नाही की काय?

या प्रश्नांचे उत्तर डॉक्टरांच्या कौशल्यात नाही. ते आपल्या त्वचेच्या स्वभावात आहे. तो स्वभाव आज आपण समजून घेऊ.

तीळ तयार कसा होतो?

आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना रंगपेशी किंवा मेलॅनोसाइट म्हणतात. त्या मेलॅनिन नावाचे तपकिरी-काळे रंगद्रव्य तयार करतात. मौज अशी की, या पेशी मुळात त्वचेच्या रहिवासीच नव्हेत. गर्भ काही आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीच्या बाजूला मज्जासंस्थेची नळी तयार होत असते. त्या नळीच्या काठावरच्या पेशींच्या पट्ट्यातून रंगपेशींचे पूर्वज निघतात आणि प्रवास करत करत सर्वांगाच्या त्वचेत पोहोचतात. तेथे त्या एकमेकींपासून अंतर राखून राहतात.

या प्रवासात एखाद्या पेशीच्या जनुकात चुकून एक बारीकसा बदल होतो. पेशीला ‘आता वाढ थांबव’ हा संदेश मिळूनही ती विभागत राहते. एकीच्या दोन, दोनाच्या चार असे करत तिची सगळी संतती एका जागी दाटीने गोळा होते. हाच जन्मजात तीळ. बदल गर्भावस्थेत जितका लवकर होईल, तितकी त्या पेशीची संतती मोठी आणि तीळही मोठा. २०१३ साली लंडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, अंगावर असे अनेक तीळ असणाऱ्या बालकांत बहुधा ‘एन-रास’ नावाच्या एकाच जनुकात, तेही एका ठराविक जागी, हा बदल झालेला असतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा बदल आईच्या अंड्यात नसतो, वडिलांच्या शुक्राणूतही नसतो. गर्भ वाढू लागल्यावर त्याच्या असंख्य पेशींपैकी एकीत तो योगायोगाने घडतो. म्हणून मोठा जन्मजात तीळ सहसा आनुवंशिक नसतो आणि पुढच्या भावंडाला तो होईल अशी भीती धरण्याचेही कारण नसते.

आपल्याकडे अजूनही घरोघरी ऐकू येते की, ग्रहणाच्या वेळी गरोदर बाईने विळीवर भाजी चिरली म्हणून बाळाच्या अंगावर डाग आला. बिचारी आई जन्मभर त्या एका दिवसाची आठवण काढून स्वतःला दोष देत राहते. चंद्राची सावली पृथ्वीवर पडणे आणि गर्भातील एका पेशीचे जनुक बदलणे यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. ग्रहण पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या देशांत असे तीळ असलेली बाळे जन्मतात. हा दोष आईचा नाही, कुणाचाच नाही.

बाळाबरोबर तीळही वाढतो

जन्मजात तीळ जन्मानंतर आजूबाजूच्या निरोगी त्वचेवर पसरत जात नाही. तरीही तो मोठा होतो, कारण ज्या त्वचेत तो असतो ती त्वचाच बाळाबरोबर वाढते. फुग्यावर शाईने ठिपका काढून फुगा फुगवा, म्हणजे हे चटकन ध्यानात येईल.

शरीराचे सर्व भाग सारखे वाढत नाहीत. तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठेच असते. ते पुढे फारसे वाढत नाही. पाय मात्र पुष्कळ लांबतात. म्हणून डोक्यावरच्या तिळाची रुंदी जन्मापासून मोठेपणापर्यंत सुमारे १.७ पट होते, धडावरच्या आणि हातावरच्या तिळाची २.८ पट, आणि पायावरच्या तिळाची ३.३ पट. जन्माच्या वेळी ५ सेंटीमीटर रुंद असलेला तीळ डोक्यावर असेल तर मोठेपणी किती होईल आणि पायावर असेल तर किती, हे तुम्हीच काढून पाहा. पहिले उत्तर साडेआठ सेंटीमीटर आणि दुसरे साडेसोळा येईल.

दुसरी अडचण खोलीची आहे. साधा तीळ त्वचेच्या वरच्या थरांत असतो. मोठ्या जन्मजात तिळाच्या पेशी मात्र त्वचेच्या पूर्ण जाडीत आणि कित्येकदा खालच्या चरबीच्या थरापर्यंत उतरलेल्या असतात. म्हणून वरचा थर खरवडून किंवा लेसर किरणांनी जाळून रंग फिका झाला, तरी खालच्या पेशी तशाच राहतात आणि रंग पुन्हा उमटू शकतो. तीळ खरोखर काढायचा, तर ती त्वचाच पूर्ण जाडीसह कापून काढावी लागते. आणि कापली की तेथे भोक पडते. ते भोक झाकायचे कशाने?

त्वचा : एक जिवंत कापड

एक सोपा प्रयोग करा. डाव्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूची त्वचा उजव्या हाताच्या चिमटीत धरून हलकेच उचला. ती सहज वर येते. आता तळहाताची त्वचा तशीच उचलून पाहा, येत नाही. पोटाची, नडगीची, कपाळाची त्वचाही तपासा आणि वहीत नोंद करा. आजोबांची किंवा आजीची परवानगी घेऊन त्यांच्या हाताची त्वचा उचला. ती तुमच्याहून जास्त वर येईल, पण सोडल्यावर सावकाश खाली बसेल.

चिमटीत येणारी ही जादा त्वचा म्हणजे शल्यविशारदाची शिल्लक. लहानशी जखम शिवून टाकताना तो ही शिल्लकच वापरतो. जेथे शिल्लक पुष्कळ तेथे मोठा तुकडा काढता येतो. जेथे नाही तेथे लहानसाही जड जातो.

त्वचेच्या आतल्या थरात दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजेनचे तंतू बळकट, पण न ताणणारे. इलॅस्टिनचे तंतू रबरासारखे. सैल अवस्थेत कोलॅजेनचे तंतू नागमोडी पडलेले असतात. त्वचा ओढली की प्रथम ते सरळ होतात, म्हणून सुरुवातीला त्वचा सहज ताणते. सर्व तंतू सरळ झाले की मात्र ती एकदम ताठ होते. त्यापुढे ओढले तर दुसरेच संकट येते. त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्वचा पांढरी पडते, आणि हा ताण तसाच राहिला तर रक्त न मिळाल्यामुळे जखमेच्या कडा मरतात. टाके फाटतात, जखम उघडते आणि मागे रुंद, ओबडधोबड वण राहतो. म्हणजे एकाच वेळी किती त्वचा काढायची याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा रक्तपुरवठ्याने घातलेली आहे.

कापडाला जसा उभा-आडवा धागा असतो, तशी त्वचेलाही दिशा असते. १८६१ साली व्हिएन्ना येथील शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लँगर यांनी मृतदेहांच्या त्वचेला गोल टोकदार हत्याराने भोके पाडली. हत्यार गोल, पण बहुतेक भोके मात्र लांबट, पानाच्या आकाराची झाली! त्या लांबट भोकांची टोके जोडत त्यांनी सर्वांगावर रेषा काढल्या. त्वचेचा नैसर्गिक ताण कोणत्या दिशेने जास्त आहे, हे या रेषांवरून समजते. या ताणाच्या दिशेला धरून छेद घेतला तर वण बारीक होतो, आडवा घेतला तर रुंदावतो. आजचे शल्यविशारद अशा रेषांबरोबरच कपाळावरच्या आठ्या आणि त्वचेच्या नैसर्गिक सुरकुत्याही पाहतात आणि मगच छेदाची दिशा ठरवतात.

शिंप्याचा प्रश्न

आता दुसरा प्रयोग. जुन्या बनियनचा तुकडा घ्या आणि भरतकामाच्या गोल रिंगमध्ये तो बेताने ताणून बसवा. त्यावर कंपासने एक लहान वर्तुळ काढा आणि तेवढा भाग कात्रीने कापा. आता सुईदोऱ्याने त्या भोकाच्या समोरासमोरच्या कडा एकमेकींना शिवा. काय होते? मधला भाग ओढून बसतो, पण शिवणीच्या दोन्ही टोकांशी कापड शंकूसारखे फुगून वर येते. शल्यविशारद या उंचवट्यांना गमतीने ‘कुत्र्याचे कान’ म्हणतात.

दुसऱ्या तुकड्यावर वर्तुळाऐवजी दोन्हीकडे निमुळता, पानाच्या आकाराचा भाग कापा. त्याची लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवा. हा भाग शिवला की शिवण सपाट बसते. त्वचेचेही असेच आहे. म्हणूनच गोल तीळ काढतानाही शल्यविशारद साधारणपणे तिप्पट लांबीचे पान कापतो.

आता हिशेब करू. समजा, पाठीवर ६ सेंटीमीटर व्यासाचा गोल तीळ आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटीमीटर. तो एकदम काढायचा तर ६ सेंटीमीटर रुंद आणि १८ सेंटीमीटर लांब पान कापावे लागेल. अशा पानाचे क्षेत्रफळ लांबी-रुंदीच्या गुणाकाराच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे ७२ चौरस सेंटीमीटर भरते. त्यातून तिळाचे २८ वजा केले तर ४४ चौरस सेंटीमीटर निरोगी त्वचा फुकट गेली! तिळाच्या दीडपट चांगली त्वचा टाकून द्यायची, वर १८ सेंटीमीटर लांब वण पत्करायचा, आणि एवढे करून ६ सेंटीमीटरची फट एकदम ओढून मिटेल याची खात्री नाही. लहान मुलाच्या पाठीवर तर हे बहुधा शक्यच होणार नाही.

टप्प्यांचे गणित

यावर शल्यविशारदांनी काढलेली युक्ती फार सुंदर आहे. पहिल्या वेळी तिळाच्या कडेला हातच लावायचा नाही. तिळाच्या पोटातूनच, मधोमध, ६ सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर रुंद असे पान कापून काढायचे आणि कडा शिवायच्या. छेद पूर्णपणे तिळाच्या आत राहतो. बाहेरच्या निरोगी त्वचेला टाचणीएवढीही जखम होत नाही. आता तीळ मध्यभागी सुमारे ४ सेंटीमीटर रुंद उरला. लांबी मात्र जवळजवळ तेवढीच राहिली.

काही महिन्यांनी जुना वण मध्ये धरून पुन्हा २ सेंटीमीटर रुंद पान काढायचे. आता २ सेंटीमीटर रुंद आणि सहा-सात सेंटीमीटर लांब अशी पट्टी उरते. पाहिलेत काय झाले ते? गोल तीळ आपोआपच तिप्पट लांबीच्या पानाच्या आकाराचा झाला! तिसऱ्या वेळी ही उरलेली पट्टी जुन्या वणासकट, कडेची थोडीशी निरोगी त्वचा घेऊन काढून टाकायची. शेवटी वण राहतो तो सात-आठ सेंटीमीटरचा. अठरा सेंटीमीटर कोठे आणि आठ कोठे!

अर्थात प्रत्यक्षातली त्वचा वहीतल्या भूमितीइतकी आज्ञाधारक नसते. ताणाने उरलेला तीळही थोडा रुंदावतो, मध्यंतरी मूलही वाढते, वेडावाकडा तीळ असेल तर पानाचा आकार बदलावा लागतो. म्हणून दोनात काम होईल की तीन टप्पे लागतील, याचा पहिला अंदाज पुढे बदलू शकतो. पण तत्त्व हेच.

ही पद्धत जुनी आहे. पॅरिसचे शल्यविशारद इपोलित मोरेस्तँ यांनी त्वचेची विद्रूपता क्रमाक्रमाने कमी करण्याची ही रीत १९१५ साली प्रसिद्ध केली. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते आणि चेहरा छिन्नविच्छिन्न झालेले सैनिक त्यांच्याकडे उपचारासाठी येत असत. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेतील जॉन स्टेज डेव्हिस यांनी मोठे वण आणि मोठे डाग थोडे थोडे काढण्याच्या याच पद्धतीवर सविस्तर लिहिले. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी ती आजही वापरात आहे.

मधल्या महिन्यांत काय घडते?

दोन टप्प्यांमधला काळ साधारणपणे तीन ते सहा महिन्यांचा, कधी त्याहून जास्त असतो. हा काळ रिकामा नसतो. किंबहुना शस्त्रक्रियेचे निम्मे काम याच काळात, कुणाचाही हात न लागता होते.

पहिल्या काही मिनिटांतच ताणलेल्या त्वचेतील पाणी बाजूला सरकते, नागमोडी तंतू सरळ होतात आणि त्वचा थोडी ढिली पडते. हा तिचा भौतिक गुण झाला. खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. सतत सौम्य ताण जाणवला की त्वचेच्या पेशी तो ओळखतात. पेशींच्या आवरणावर बाहेरच्या तंतूंना धरून ठेवणारी प्रथिने असतात. तंतू ओढले गेले की या प्रथिनांमार्फत पेशीच्या आत संदेश जातो आणि पेशी विभागू लागतात. नवे कोलॅजेन तयार होते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. कापड ताणले तर विरते. त्वचा बेताने ताणली तर नवी तयार होते! गरोदरपणात आईच्या पोटाची त्वचा नऊ महिन्यांत किती वाढते ते आठवा. तुमची स्वतःची त्वचा तरी काय, आत हाडे आणि स्नायू वाढतात तशी तीही वाढतच असते.

याच वेळी वणही पक्का होत असतो. शिवलेली जखम आठवड्याभरात बाहेरून बुजलेली दिसते, चेहऱ्यावरचे टाके पाच-सात दिवसांत आणि पाठीवरचे दहा-चौदा दिवसांत काढतातही. पण आतून ती फार दुबळी असते. तीन आठवड्यांनीसुद्धा तिची ताकद मूळ त्वचेच्या चतुर्थांशाच्या आसपासच असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि नंतर तेथेच थांबते. पूर्ण शंभर टक्के कधीच होत नाही. त्याआधी घाईने पुन्हा कापले, तर कच्च्या पायावर मजला चढवल्यासारखे होईल.

या काळात तुमच्या वर्गातल्या अशा एखाद्या मुलाकडे पाहिलेत, तर तीळ आहे तसाच आहे आणि वर त्यात मधोमध एक लालसर रेघ आली आहे, असे दिसेल. ‘ऑपरेशन फसले वाटते’ असे म्हणण्याचा मोह होईल. ते फसलेले नसते. ते अर्ध्यावर आलेले असते.

जेथे ही युक्ती पुरत नाही

तीळ इतका रुंद असेल की पाच-सहा टप्पे लागावेत, तर ही पद्धत सोयीची नाही. दर वेळी भूल द्यावी लागते आणि दर वेळी शिल्लक त्वचा कमी कमी होत जाते. जागेचाही विचार असतो. गालावरची त्वचा जास्त ओढली तर खालची पापणी खाली खेचली जाते. सांध्यावर ओढली तर हालचाल अडते.

अशा वेळी निरोगी त्वचा आधीच वाढवून घेण्याची पद्धत आहे. १९५७ साली अमेरिकेतील चार्ल्स न्यूमन यांनी कान गमावलेल्या एका रुग्णाच्या त्वचेखाली रबरी फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला आणि नवा कान बनवण्यासाठी जादा त्वचा मिळवली. १९७६ पासून चेडोमिर राडोव्हान यांनी सिलिकोनचा फुगा वापरून ही पद्धत पुढे नेली. तिळाशेजारच्या निरोगी त्वचेखाली फुगा बसवतात आणि झडपेतून दर आठवड्याला थोडे थोडे मिठाचे निर्जंतुक पाणी सुईने भरतात. दोन-तीन महिन्यांत वरची त्वचा वाढते. मग फुगा काढून, तीळ कापून, ती नवी त्वचा त्या जागी पसरतात. डोक्यावरच्या तिळासाठी ही रीत विशेष उपयोगी, कारण वाढलेल्या त्वचेवर केसही असतात. मात्र तेवढे महिने अंगावर मोठे टेंगूळ घेऊन वावरावे लागते आणि फुगा गळण्याचा किंवा जंतुसंसर्गाचा धोकाही असतो.

तिसरा मार्ग त्वचारोपणाचा, म्हणजे मांडीसारख्या जागेची त्वचा आणून लावण्याचा. पण तिचा रंग आणि पोत आजूबाजूशी जुळत नाही आणि ती पुढे आकसू शकते.

त्वचा शेजारच्या जागेतून आणायची, मात्र तिचा रक्तपुरवठा तोडायचा नाही, हे तत्त्व आपल्या देशात फार पूर्वीपासून माहीत होते. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने नाक घडवण्याची कृती आहे. कावसजी नावाच्या गाडीवानाचे टिपूच्या सैनिकांनी कापलेले नाक पुण्याजवळ एका कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून नव्याने घडवले. त्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सचित्र छापून आली आणि युरोपातील शल्यविशारदांनी ती विद्या उचलली. तंत्र बदलले, हत्यारे बदलली, पण रक्त मिळेल तीच त्वचा जगेल हा नियम तोच आहे.

काढावा की राहू द्यावा?

आता सर्वांत अवघड प्रश्न. प्रत्येक जन्मजात तीळ काढलाच पाहिजे काय? नाही. तीळ म्हणजे रोग नव्हे.

रंगपेशींपासून होणारा मेलॅनोमा नावाचा कर्करोग जन्मजात तिळात उद्भवू शकतो, हे खरे. परंतु लहान आणि मध्यम आकाराच्या तिळांत आयुष्यभराचा हा धोका एक टक्क्याहूनही कमी असतो. सर्वांत मोठ्या आणि अनेक उपतीळ असलेल्या महातिळांत तो वाढतो. अशा बालकांच्या मेंदूतही रंगपेशी साठलेल्या असू शकतात, म्हणून त्यांची लवकर तपासणी करतात. पूर्वी, कर्करोग टाळण्यासाठी महातीळ काढलाच पाहिजे, असे मानत. पण पेशी खोलवर, कधी मेंदूपर्यंत असल्यामुळे तीळ काढल्याने धोका निश्चित टळतो असे दिसून आलेले नाही. म्हणून आज पुष्कळ वेळा शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू दिसणे सुधारणे आणि मुलाचे जगणे सुसह्य करणे हाच असतो. मात्र काढलेला प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातोच.

शस्त्रक्रियेने डाग नाहीसा होऊन कोरी त्वचा मिळते, असेही समजू नका. तिळाच्या बदल्यात वण मिळतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर, विशेषतः खांदा, छाती आणि पाठ या भागांत, वण जाड आणि उंच होण्याचा संभव अधिक असतो. चेहऱ्यावरच्या काळ्या केसाळ तिळापेक्षा बारीक रेघ पुष्कळांना बरी वाटते. पाठीवरच्या, सदऱ्याखाली झाकल्या जाणाऱ्या फिक्या तिळासाठी लांब वण घेणे एखाद्याला पटणारही नाही. काही तीळ, विशेषतः डोक्यावरचे, वयाबरोबर फिके होतात.

वेळेबद्दलही दोन बाजू आहेत. बाळपणी तीळ लहान आणि त्वचा सैल असते, शाळेत जाण्याआधी काम उरकते. म्हणून पुष्कळ शल्यविशारद भुलीचा विचार करून साधारण सहा महिने ते वर्षाच्या वयानंतर सुरुवात करतात. उलट थांबले तर मूल मोठे होऊन स्वतःचे मत सांगू शकते. हा निर्णय आईवडील, डॉक्टर आणि शक्य तेथे ते मूल यांनी मिळून घ्यायचा असतो. शेजाऱ्यांनी नव्हे.

काही गोष्टी मात्र कुणीही करू नयेत. तिळावर चुना-सोडा लावणे, बिब्ब्याने डागणे, घोड्याचा केस बांधणे, ब्लेडने कापणे हे उपाय अत्यंत धोक्याचे आहेत. त्यांनी खोलवरच्या पेशी जात नाहीत; जखम चिघळते, वाईट वण पडतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची संधीही जाते. एखादा तीळ झपाट्याने वाढू लागला, त्याचा रंग किंवा कडा बदलली, त्यात गाठ आली, तो खाजू लागला किंवा त्यातून रक्त येऊ लागले, तर वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आणि एक काम शल्यविशारदाला करता येत नाही. ते तुमचे आहे. तीन शस्त्रक्रियांमधली वर्ष-दीड वर्षे ते मूल शाळेतच काढते. त्याच्या चेहऱ्यावर अर्धा तीळ असतो, वर टाक्यांची रेघ असते, कधी डोक्यावर फुग्याचे टेंगूळ असते. तो डाग संसर्गजन्य नाही, ग्रहणाचा नाही, कुणाच्या पापाचा नाही, एवढे तुम्हाला आता माहीत आहे. शेजारी बसणाऱ्या कुणी ‘हे काय रे?’ असे कुजबुजत विचारले, तर उत्तर देण्याइतके शास्त्र तुमच्याजवळ आहे. ते जरूर सांगा, आणि मग त्या मुलाला खेळायला बोलवा.